नागपूर ते न्यूयॉर्क : अंतर किती आणि वेळ किती?

प्रश्न : माझी मुलगी न्यूयॉर्कला असते आणि आम्ही उभयता हिवाळ्यात नागपूरहून दोहामार्गे तिच्याकडे जाणार आहोत. ॲटलासमधून दोन्ही शहरांच्या अक्षांश-रेखांशांतील फरक काढून मी प्रत्येक अंशाला १११ किलोमीटर धरले, तर अंतर १७,००० किलोमीटरच्या वर गेले. मुलगी मात्र १२,६०० सांगते. माझे कुठे चुकले? शिवाय जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ का लागतो?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपला गुणाकार बरोबर आहे, चूक रेखांशाच्या अंशाला सगळीकडे १११ किलोमीटर धरण्यात आहे. अक्षांशाचा एक अंश जवळपास सर्वत्र तेवढाच भरतो, परंतु रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे त्यांचा एक अंश नागपूरच्या अक्षांशावर सुमारे १०४ आणि न्यूयॉर्कच्या अक्षांशावर जेमतेम ८५ किलोमीटरचा उरतो. त्यातच सपाट पानावरची सरळ रेघ गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग नसते.

ही गोष्ट सूत्रापेक्षा दोऱ्याने लवकर पटते, असा माझा अनुभव आहे. हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी टेबलावरच्या पृथ्वीगोलावर नागपूर ते न्यूयॉर्क दोरा ताणून पाहिला. तो अरबी समुद्राकडे वळतच नाही. दिल्लीच्या अंगाने उत्तरेला निघतो, रशिया ओलांडून आर्क्टिक वृत्ताच्याही वर चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण भागावरून खाली उतरतो. दोरा ३० सेंटिमीटर भरला, गोलाचे विषुववृत्त ९५ सेंटिमीटर. खऱ्या विषुववृत्ताची लांबी ४०,०७५ किलोमीटर असल्याने त्रैराशिकाने अंतर सुमारे १२,६५० किलोमीटर येते. म्हणजे मुलगी बरोबर सांगते. दोहामार्गे गेल्यास पहिला टप्पा सुमारे २,८४० आणि दुसरा सुमारे १०,७७० किलोमीटरचा, म्हणजे वळसा जेमतेम हजार किलोमीटरचा पडतो.

वेळेचा हिशेब मात्र निव्वळ भागाकाराने सुटत नाही. मुंबईचेच पाहा. नागपूरहून हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर; ताशी ८५० किलोमीटरने ४८ मिनिटे यायला हवीत, तरी वेळापत्रकात साधारण दीड तास असतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरणे यांत वेळ जातो. लांबच्या प्रवासात हा वाटा लहान असतो आणि तिथे वाऱ्याला महत्त्व येते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात. विमानाचा हवेतला वेग ताशी ८७५ आणि सरासरी वारा ताशी ६० किलोमीटर धरला, तर दोहा ते न्यूयॉर्क हे अंतर वाऱ्याविरुद्ध ८१५च्या वेगाने सव्वातेरा तासांत आणि परतताना ९३५च्या वेगाने साडेअकरा तासांत कापले जाते. दोन्हींत जमिनीवरचा वेळ वेगळा मिळवावा.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, हेही लक्षात ठेवावे. दोहा भारतापेक्षा अडीच तास मागे आहे, तर न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास. समजा, नागपूरहून पहाटे ४ वाजता सुटलेले विमान दोहाला ५ वाजून ४५ मिनिटांनी उतरले, तर घड्याळात पावणेदोन तासच गेलेले दिसतील. त्यांत अडीच तास मिळवले की प्रवासाचे सव्वाचार तास पूर्ण होतात.