ताप उतरल्यावरची सोनोग्राफी

पावसाळा सरताना सांगली-मिरज परिसरात डेंग्यूचा ताप फिरतो आणि पुढचे काही महिने समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या, डेंग्यू होऊन गेलेल्या गर्भवती एकच शंका बोलून दाखवतात : मागची सोनोग्राफी नॉर्मल होती, तरी डॉक्टर पुन्हा बोलावतात, म्हणजे काही लपवत तर नसतील?

जत तालुक्यातील अशीच एक सातव्या महिन्यातील तरुणी सासूबाईंसोबत आली, तेव्हा तिच्याकडे नॉर्मल असे दोन रिपोर्ट होते आणि तरीही तिला झोप नव्हती. दरवेळी भरून घेतला जाणारा एफ फॉर्म म्हणजे धोक्याची संमती, असाही तिचा समज होता. तो गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यामुळे भरावा लागतो, एवढे सांगताच ती थोडी सैलावली.

भीतीला नेमक्या प्रश्नाचे रूप मिळाल्याशिवाय कोणतेही उत्तर मनात उतरत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मी धीर देण्याऐवजी विचारले, "या सोनोग्राफीत तुम्हाला नक्की काय दिसायला हवं आहे?"

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बॅरलवर झाकण ठेवायला आई रोज सांगायच्या. माझी चूक नव्हती, हे दिसेल का त्यात?"

सासूबाई चटकन म्हणाल्या, "अगं, पाणी आठवड्यानं येतंय, भरून ठेवायचं नाही तर काय करायचं? डास काय आपल्याच घरातला होता?"

पुढच्या भेटींत मी काही सांगण्यापेक्षा हे एक वाक्य अधिक उपयोगी पडले. अशा वेळी घरच्या माणसाला खोलीत थांबवून घेण्याचा माझा आग्रह मला पुन्हा योग्य वाटला.

दोष कोणाचा, हे सोनोग्राफी सांगत नाही. वार (प्लासेंटा) बाळाला नीट पोसते आहे का, याचा अंदाज ती देते. विषाणूसंसर्गानंतर वारेचे काम मंदावलेच, तर ते बाळाच्या वाढीत दिसायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून एका रिपोर्टवर थांबता येत नाही. आणि वाढीची तुलना विश्वासार्ह व्हावी यासाठी दोन मोजमापांत साधारण दोन आठवड्यांचे तरी अंतर लागते. डॉक्टर बाळाच्या पोटाचा घेर, गर्भजल आणि वारेची जाडी व पोत पाहतात, तर डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, नाळेच्या धमनीतील प्रवाह तपासतात. बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणीही तिथे रक्त वारेकडे वाहत राहायला हवे. वारेतील अडथळा फार वाढला, तर ते त्या क्षणी थांबते किंवा उलट फिरते, आणि मग डॉक्टरांना तातडीने निर्णय घ्यावा लागतो.

पुढच्या तपासणीला ती स्वतः तीन प्रश्न लिहून घेऊन गेली : वाढ मागच्यापेक्षा किती झाली, पाणी पुरेसे आहे का, नाळेतला प्रवाह कसा आहे. चौथी गोष्ट मी तिला आणि सासूबाईंना दोघींनाही बजावून सांगितली, कारण नॉर्मल रिपोर्ट ही पुढच्या दिवसांची हमी नसते : बाळाची हालचाल कमी वाटली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, त्याच वेळी रुग्णालय गाठायचे.