स्केचअपमध्ये (घराचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) डॉर्मर, म्हणजे उतरत्या छपरातून वर आलेली छोट्या छपराची खिडकी, काढला, पण कवेलूच्या छपराला भोकच पडत नाही. काय चुकतंय?

बहुतेक छप्पर आणि डॉर्मर वेगवेगळ्या ग्रुपमध्ये अडकलेत. माझंही गावच्या घराच्या माळ्यावर उजेड आणताना हेच झालं होतं. दोन संध्याकाळी वाया गेल्या. आधी फाइलची एक कॉपी ठेवा. मग दोन्ही ग्रुप 'एक्स्प्लोड' करा, म्हणजे फोडून सुटे करा, सगळं निवडा, राइट क्लिक करून 'इंटरसेक्ट फेसेस'मधलं 'विथ मॉडेल' घ्या. जिथे उतार एकमेकांना भिडतात तिथे रेघ उमटेल. आतला फालतू भाग आणि डॉर्मरखालचा छपराचा तुकडा पुसा.

रेघ अर्धवट आली तर डॉर्मरचं आढं मागे कमी पडतंय. छपराचा उतार ३० अंश आणि आढं समोरच्या बाजूला छपरापासून ४ फूट उंच असेल, तर ते आडवं जवळपास ७ फूट मागे न्यावं लागतं.

खिडकीचं तोंड उत्तरेला ठेवा बापा, पश्चिमेला ठेवाल तर मे महिन्यात माळ्याची भट्टी होते. आणि दोन उतारांच्या खाचेत पत्र्याची पन्हाळ आत्ताच दाखवा, नाहीतर मिस्त्री नुसतं सिमेंट थापून मोकळा होतो.