मथळ्यावर टिचकी मारली, कर्सर गेला भलतीकडेच

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी आम्ही मराठी लिखाणाचा छोटा मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मथळे वगैरे दाखवायची लेखनपद्धत) एडिटर तयार करतो आहोत. डावीकडच्या पॅनेलात अनुक्रमणिका दिसते. इंग्रजी मजकुरात टिचकी मारली की कर्सर नेमका मथळ्यावर जातो. मराठीत पहिला मथळा बरोबर सापडतो, पण पुढच्या प्रत्येक मथळ्याला कर्सर अधिकाधिक खाली घसरतो. वरच्या भागात चार ओळी वाढवल्या की सगळ्याच जागा चुकतात.
— विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : हे दोन वेगवेगळे दोष आहेत.

घसरण वाढत जाते, याचा अर्थ मोजमापात गफलत आहे. ‘नागपूर’ या शब्दात युनिकोडची ६ चिन्हे आहेत : न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र. जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये त्याची लांबी ६ भरते, पण यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तोच शब्द १८ बाइटचा होतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. तुमचा पार्सर (मजकूर वाचून मथळे शोधणारा भाग) बाइटमध्ये जागा सांगत असणार आणि एडिटर तो आकडा चिन्हांचा समजून उडी मारत असणार. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागत असल्यामुळे तिथे ही चूक झाकली जाते. कर्सर मथळ्याच्या अलीकडे थांबत असता तर गफलत उलट दिशेची असती. एकच माप ठरवा आणि पार्सरकडून उत्तर आले की तिथल्या तिथे, एकदाच रूपांतर करा. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि भाषेची तपासणी करणारा प्रोग्राम यांच्यातल्या संवादाचे नियम) वापरत असाल तर त्यात ठरलेले माप यूटीएफ-१६ या दुसऱ्या साठवणपद्धतीचे एकक आहे, ३.१७ आवृत्तीपासून दोन्ही बाजूंना दुसरे माप ठरवून घेता येते. चाचणीच्या फाइलमध्ये एखादा इमोजीही टाका. यूटीएफ-१६ मध्ये बहुतेक इमोजी किमान दोन एकके घेतात, त्यामुळे उरलेली चूक लगेच उघडी पडते.

दुसरा दोष म्हणजे मथळ्याची जागा निव्वळ आकडा म्हणून साठवणे. वर मजकूर वाढला की तो आकडा शिळा होतो. प्रत्येक मथळ्यावर एडिटरचा मार्कर, म्हणजे न दिसणारी खूण, लावा, म्हणजे मजकूर हलला की तोही हलेल. मार्कर कोणत्या बाजूला चिकटतो तेही तपासा. मथळ्याच्या अगदी सुरुवातीला एंटर दाबल्यावर तो मथळ्याबरोबर खाली गेला पाहिजे. डावीकडे चिकटणारा मार्कर वरच्या रिकाम्या ओळीवरच राहतो आणि पॅनेलातून टिचकी मारणारा तिथेच पोचतो.

मथळा कशाला म्हणायचे, हे नियम कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाण नियमावलीप्रमाणे पाळा. ओळीच्या आरंभी जास्तीत जास्त ३ स्पेस, मग १ ते ६ हॅश (#), आणि हॅशनंतर मोकळी जागा. ‘#नागपूर’ हा हॅशटॅग आहे, मथळा नाही. तीन बॅकटिकांच्या (```) मधल्या कोडमधली ‘# टीप’ही मथळा नाही. ओळीखाली ‘===’ किंवा ‘---’ देऊन केलेले मथळे विसरू नका. फाइलच्या डोक्यावर शीर्षक-तारखेचा तपशील ‘---’ च्या दोन रेघांमध्ये असेल तर तो आधी बाजूला काढा, नाहीतर खालच्या रेघेच्या वरचा मजकूर दुसऱ्या पातळीचा मथळा होऊन यादीत शिरतो.

यादी केव्हा ताजी करायची, इथे मराठीसाठी खास काळजी घ्यावी लागते. रोमन कळांवरून उमटणारी मराठी टाइप होत असताना शब्द अर्धवट असतो. तेवढ्यात यादी बदलली तर पॅनेल सतत लुकलुकते. म्हणून कंपोझिशन, म्हणजे शब्दाची जुळणी, संपल्याची सूचना येईपर्यंत थांबा आणि त्यानंतर २०० ते ३०० मिलिसेकंद टायपिंग थांबले की मगच यादी बनवा. चारशे पानांचे पुस्तक सुरुवातीपासून तपासायलाही आजच्या संगणकाला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो पॅनेल नव्याने रंगवण्यात, तेव्हा जुन्या-नव्या यादीत जेवढा फरक असेल तेवढ्याच नोंदी बदला. कोणती शाखा (मथळा आणि त्याखालची उपशीर्षके) उघडी आहे, हे नोंदीच्या क्रमांकावर ठेवू नका, मार्करशी बांधा. तीन बॅकटिक टाइप केले आणि बंद करायचे राहिले, की नियमानुसार खालचे सगळे मथळे नाहीसे होतात. ते परत येतील तेव्हा शाखा होत्या तशाच दिसल्या पाहिजेत. त्यासाठी नाहीशा झालेल्या मथळ्यांचे मार्कर लगेच पुसू नका.

लेखक आत्ता कोणत्या प्रकरणात आहे, हे यादीत ठळक दाखवायला कर्सरच्या आधीचा शेवटचा मार्कर बायनरी सर्चने (यादी दरवेळी निम्मी करत) शोधा. उडी मारल्यावर मथळा खिडकीच्या वरच्या कडेला चिकटवू नका. वरून साधारण एक पंचमांश जागा सोडली तर आधीचा परिच्छेदही थोडा दिसतो. आणि परतीची वाट ठेवाच : ऑल्ट आणि डाव्या बाणाने आधीच्या जागी जाता आले नाही तर लेखक पॅनेल वापरायला बिचकतो.

प्रश्न : आमच्या परिसर-माहितीच्या दस्तऐवजात ‘वऱ्हाड’ असलेले तीन मथळे आहेत, पण पॅनेलच्या शोधात एकच सापडतो. वेबवर टाकल्यावर अनुक्रमणिकेतल्या काही लिंकही मेल्या.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ते तीन ‘वऱ्हाड’ डोळ्यांना सारखे दिसत असले तरी संगणकासाठी वेगळे असणार. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, दुसऱ्यात ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), तिसऱ्यात ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह). कळफलकाप्रमाणे यातले काहीही उमटू शकते. पहिले दोन एनएफसी सामान्यीकरणाने (सारख्या चिन्हांना एकच रूप देणारा युनिकोडचा नियम) एक होतात. तिसरे होत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो : र, हलन्त, जॉइनर या क्रमाच्या जागी ऱ आणि हलन्त धरा. हा बदल शोधाच्या प्रतीवरच करा, लेखकाच्या मजकुराला हात लावू नका.

लिंक मरतात त्या मथळ्याच्या पत्त्यामुळे, म्हणजे लिंकमध्ये शेवटी येणाऱ्या नावामुळे. मथळ्यावरून पत्ता बनवताना ‘शब्दातली अक्षरे ठेवा, बाकी काढा’ असा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवायचा नमुना) वापरतात. जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश-डब्ल्यू (\w, ‘शब्दातले अक्षर’ सांगणारी खूण) फक्त रोमन अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर ओळखतो, त्यामुळे पत्ता रिकामा राहतो. पायथनचा अक्षरे ओळखतो, पण काना-मात्रा टाकून देतो आणि ‘नागपूर’चे ‘नगपर’ होते. युनिकोडचे अक्षर, अंक आणि मार्क हे तिन्ही वर्ग स्पष्टपणे ठेवायला सांगा.

नाग, पिवळी आणि पोरा या तिन्ही नद्यांच्या प्रकरणांत ‘उगम’ हे उपशीर्षक असेल तर पत्त्यांना १, २ असे शेपूट जोडले जाते. पुढे मध्येच चौथा ‘उगम’ आला की आकडे सरकतात आणि जुन्या लिंका चुकीच्या नदीवर नेतात. ज्या मथळ्यांना बाहेरून लिंक दिली जाते, त्यांना हाताने कायमचा पत्ता द्यावा, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : लिबरऑफिस रायटरमध्ये दोनशे पानांचा मजकूर आहे. मथळे ठळक आणि मोठे केले आहेत, तरी अनुक्रमणिका कोरीच येते.
— निवृत्त शिक्षक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : अक्षर मोठे केल्याने मथळा होत नाही, त्याला हेडिंग स्टाइल द्यावी लागते. ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल + १ दाबा, उपशीर्षकाला कंट्रोल + २. मग एफ ५ ने नॅव्हिगेटर उघडा. तिथे मथळे दिसू लागले की अनुक्रमणिकाही भरेल. तयार झालेली अनुक्रमणिका आपोआप बदलत नाही. तिच्यावर उजवी टिचकी मारून अपडेट करा. हेडिंगचा फाँट बदलताना सीटीएलच्या (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) भागात बदला, कारण देवनागरी रायटरच्या हिशेबात तिथे येते.

प्रश्न : पॅनेल अरुंद केले की लांब मथळे विचित्र ठिकाणी तुटतात. आणि माउसशिवाय पॅनेल चालावे यासाठी काय करावे?
— प्रोग्रामर, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : मथळा चिन्हे मोजून कापू नका, नाहीतर शेवटी लोंबता हलन्त राहतो. जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर (Intl.Segmenter, मजकुराचे अक्षरांप्रमाणे तुकडे करणारी सोय) वापरा. युनिकोड १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर अखंड धरले जाते. त्याआधीच्या नियमांवर चालणारे ब्राउझर ‘क्ष’ मधूनच तोडतात, म्हणून तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचा तुकडाही सोबत घ्या. ओळींची उंची फाँटच्या दीडपट तरी हवी, नाहीतर वरचा रफार आणि खालचा ऊकार एकमेकांना लागतात.

कीबोर्डसाठी एआरिया (वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीचे नियम) ट्रीची पद्धत पाळा. वर-खाली बाणांनी नोंद बदलते. उजवा बाण शाखा उघडतो, उघडी असेल तर पहिल्या उपशीर्षकावर नेतो. डावा बाण शाखा मिटतो, मिटलेली असेल तर वरच्या प्रकरणावर नेतो. होम आणि एंड टोकांना जातात. एंटर दाबल्यावर फोकस मजकुरात जावा, एस्केपने मूळ जागी परतावा. प्रत्येक नोंदीला पातळी आणि उघडी-मिटलेली अवस्था द्या, म्हणजे स्क्रीन रीडर ती बोलून दाखवेल. बाणाने फिरताना मजकूर हलवू नका, तो एंटरवरच हलू द्या. नाहीतर ऐकून काम करणाऱ्याला आपण यादीत आहोत की मजकुरात, हेच कळत नाही.