डावा हात कशावर जातो?

चाळिशीनंतर मोटारसायकल शिकायची हौस आली आणि घरचे नको नको म्हणत असतील, तर त्यांचं ऐकावं की मनाचं? समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो. त्यातलीच ही एक गोष्ट, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

नागपुरातल्या मानेवाड्याच्या ताई, वय ४७. मानेवाडा ते सिव्हिल लाइन्स, १८ वर्षं ॲक्टिव्हावर नोकरी केलेली. मुलगा पुण्याला गेला तेव्हा त्याची दीडशे सीसीची बाइक पोर्चमध्ये राहिली. "आई, आठवड्यातून एकदा स्टार्ट कर, नाही तर बॅटरी बसेल." ताई दर रविवारी गाडी सुरू करायच्या आणि पाच मिनिटं नुसत्या सीटवर बसायच्या. एका रविवारी उतरावंसंच वाटेना.

सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, या वयात हातपाय मोडून घ्याचे हायेत का?" भाऊ रोज सकाळी व्हॉट्सॲपवर अपघाताचे व्हिडिओ पाठवू लागला.

"तुमचं आयुष्य आहे, शिका बिनधास्त," असं म्हणून मी मोकळी झाले. चूक माझी. ताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, भीती मलाही वाटते ना."

नेमकी कशाची, हे विचारायला मला दुसरी भेट लागली. कॉलनीतल्या मैदानात त्यांनी एकदा गाडी चालवून पाहिली होती. समोर कुत्रं आलं, डाव्या हाताने लिव्हर आवळली, आणि गाडी थांबलीच नाही. स्कूटरवर डावीकडे मागचा ब्रेक असतो, बाइकवर क्लच. तो दाबला की इंजिनाची ओढ सुटते आणि गाडी मोकळी पळते. थांबायला लागतो उजवा हात आणि उजवा पाय. १८ वर्षांची सवय एका सकाळीत कशी जाणार? याला मोकळं मैदान आणि शिकवणारा माणूस लागतो, समुपदेशक नाही, हे मी कबूल केलं.

शिवाय बिनागिअरचा परवाना गिअरच्या गाडीला चालत नाही. लर्निंग वेगळं काढावं लागतं. त्याची मुदत ६ महिने आणि पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर. घरी सांगायला ते बरं पडलं: "महिनाभर मैदानाबाहेर जात नाही."

घरच्यांशी वाद घालू नका, प्रत्येकाला इतकंच विचारा, "तू नेमकं काय पाहिलंयस?" असं मी सुचवलं. भाऊ बराच वेळ बोललाच नाही. मग रिंग रोडवर अपघातात गेलेल्या मित्राचं सांगितलं. त्याचं हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याने आयएसआयचं हेल्मेट आणून दिलं. पट्टा घट्ट बसलाय का, ते हनुवटीखाली बोटं घालून तो स्वतः पाहतो. व्हिडिओ कमी झालेत, बंद नाहीत.

सासूबाईंचं उत्तर वेगळंच निघालं: "तू पडली त मले इन्सुलिनची सुई कोन देईन?" खरा प्रश्न होता. ताईंनी धाकट्या जावेला सुई द्यायला शिकवलं.

एप्रिलमध्ये ऊन चढायच्या आत, साडेपाचलाच त्या मैदानात असायच्या. परवा हसत सांगत होत्या, आता ॲक्टिव्हावर सिग्नल सुटला की डावा पाय गिअर शोधतो. वर्धा रोडवर बाइक अजून नेलेली नाही. सासूबाईंचा होकारही अजून आलेला नाही.