बुद्धिबळात संगणकाविरुद्ध विचित्र ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) खेळून त्याचं पाठांतर चुकवता येतं का?

चुकवता येतं, पण तेवढ्याने डाव हाती येत नाही. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाविरुद्ध तिसऱ्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना जगज्जेत्या कास्पारोव्हने वजिरापुढचं प्यादं फक्त एक घर सरकवून सुरुवात केली. यंत्राला साठवलेल्या चालींबाहेर काढायचं, हाच हेतू. डाव मात्र बरोबरीत सुटला, कारण अशा चालीने पांढऱ्याचा पुढाकार जातो, आणि सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं यंत्र पुस्तकाशिवायही (म्हणजे साठवलेल्या चालींशिवायही) चांगलंच खेळतं. उलट, सहाव्या डावात तो काळ्या मोहऱ्यांनी कॅरो-कान या ओळखीच्या ओपनिंगमध्ये गेला, तिथे यंत्राने साठवणीतलाच घोड्याचा बळी दिला आणि १९ चालींत कास्पारोव्ह हरला! आजच्या स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रामसमोर मात्र ही युक्ती जवळपास निरुपयोगी. पुस्तक काढून घेतलं तरी ते माणसाला सहज हरवतं.