बेसबॉलच्या इतिहासातला सर्वात लांबलेला व्यावसायिक सामना कोणता? त्यात कोण चमकलं?

अमेरिकेतल्या मायनर लीगमधला (मुख्य लीगच्या खालची पातळी) पॉटकेट रेड सॉक्स विरुद्ध रोचेस्टर रेड विंग्ज हा सामना. तब्बल 33 डाव! एरवी 9 डावांत निकाल लागतो.

18 एप्रिल 1981 च्या रात्री पॉटकेटच्या मॅकॉय स्टेडियमवर खेळ सुरू झाला. ठरावीक वेळेनंतर खेळ थांबवण्याचा नियम पंचांकडच्या नियमपुस्तिकेत छापायचाच राहून गेला होता, म्हणून खेळ चालूच राहिला. थंडी एवढी की खेळाडूंनी तुटलेल्या बॅटी जाळून हात शेकले. पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी 32 डावांनंतर 2-2 अशा बरोबरीत खेळ थांबवला, तेव्हा स्टँडमध्ये 19 प्रेक्षक उरले होते. त्या 19 जणांचा मला खरंच हेवा वाटतो.

21व्या डावात रोचेस्टरने आघाडी घेतली होती, पण वेड बॉग्जच्या फटक्याने पॉटकेटने बरोबरी साधली. त्याचे 12 प्रयत्नांपैकी 4 हिट (यशस्वी फटके). रोचेस्टरच्या कॅल रिपकेनचे 13 पैकी 2. दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले.

पण माझ्या मते खरे मानकरी वेगळेच. रोचेस्टरच्या जिम अम्बार्गरने 10 डाव एकही धाव न देता पिचिंग (चेंडूफेक) केलं, आणि त्यांचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, डेव्ह हपर्ट 31 डाव गुडघे मोडून बसला होता! स्वतः तसं दहा मिनिटं बसून बघा.

उरलेला खेळ 23 जूनला झाला, 18 मिनिटांत संपला. डेव्ह कोझाच्या हिटवर मार्टी बॅरेट धावत होम प्लेटवर पोहोचला, म्हणजे त्याची धाव पूर्ण झाली, आणि पॉटकेट 3-2 ने जिंकलं.