खांबाच्या बगलेतली खाच

प्रश्न : चेन्नईच्या एग्मोर भागातील शासकीय संग्रहालयात आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचा एक कोरीव खांब पाहिला. सोबतचे गृहस्थ त्याला संगमरवर म्हणत होते, फलकावर मात्र चुनखडक लिहिले होते. खांबाच्या दोन्ही बगलांना मसुराच्या डाळीसारख्या, मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या खाचा होत्या, त्या कशासाठी? आणि आपल्याकडच्या काळ्या दगडात इतके नाजूक काम क्वचितच का दिसते?
– एक वाचक, कऱ्हाड (जि. सातारा)

उत्तर : फलक बरोबर आहे. जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या शिल्पांना ‘मार्बल’ म्हटले आणि ते नाव चिकटले. प्रत्यक्षात हा आंध्रातल्या पलनाड भागातला फिकट हिरवट-करडा चुनखडक आहे. आपल्या काळ्या दगडापेक्षा, म्हणजे बेसॉल्टपेक्षा, तो पुष्कळ मऊ असल्याने पाथरवटाच्या बारीक छिन्नीला फुलाची पाकळी किंवा गळ्यातल्या माळेचा मणीही सुटा काढता येतो. आपल्या कऱ्हाडजवळची आगाशिवची लेणी साधी दिसतात त्याला कारणे अनेक असतील, पण दगडाचा कठीणपणा त्यात नक्कीच आहे.

खाचांचा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण हा दगड सुटी मूर्ती नसून इमारतीचा अवयव होता हे त्याच सांगतात. स्तूपाभोवतीच्या कठड्याला वेदिका म्हणतात. तिच्या दोन खांबांमध्ये ‘सूची’ नावाचे तीन आडवे दगड असत आणि त्यांची निमुळती टोके या खाचांत बसवलेली असत. वरून ‘उष्णीष’ हा लांबट दगड सगळ्यांना धरून ठेवी. ही सारी सुताराची रीत आहे, लाकडाची सवय दगडात उतरलेली. म्हणून पुढच्या खेपेला खांबावर कोरलेल्या कमळाच्या चक्रापुढे उभे राहून झाले की बाजूने आणि जमल्यास मागूनही पाहावे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची एक शिळा अशी आहे की तिच्या एका अंगावर इ. स. पूर्व पहिल्या शतकातली बोधिवृक्षाची पूजा आहे, तर दुसऱ्या अंगावर इ. स. तिसऱ्या शतकात नव्याने कोरलेला संपूर्ण स्तूप.

याच दगडाने घातही केला, कारण तो भाजला की चुना होतो, आणि अमरावतीच्या अनेक शिळा तशाच भट्टीत गेल्या.

आपण कऱ्हाडहून लिहिता म्हणून एक जोड : मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाच्या वेदिकेवर ‘करहकट’ या नगराच्या दानाचा उल्लेख आहे आणि ते नगर म्हणजे कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. ती वेदिका तांबूस वालुकाश्माची असून आज तिचा मोठा भाग कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे.